कोठारातली नऊशे ऐंशी केळी

सुमन, चष्मा लाव, खुर्ची जरा जवळ ओढ आणि हे शेवटपर्यंत वाच. अर्धंच वाचून धुळ्यात बातमी पसरवायची तुझी सवय मला माहीत आहे! परवा तुझ्या आईचा फोन आला. ना पाय कसा आहे, ना जेवलीस का. एकदम सुरुवात: "काय वं, सूनबाईनं बठ्ठं वाटी टाकं म्हने तू?" अगं, सख्खी मोठी बहीण माझी! तिला कोणी सांगितलं? तू. तुला कोणी सांगितलं? आमच्या योगेशने. त्याने हसत हसत सांगितलेलं तू हळहळत पुढे सांगितलंस, आणि आता अर्ध्या खान्देशाला वाटतंय की मी सूनबाईचे, मनीषाचे, सगळे दागिने वाटून टाकले.

दागिने नाही. केळी वाटली. नऊशे ऐंशी. आणि तीही टीव्हीतली.

आता पहिल्यापासून ऐक. माझा पाय मोडला, (केळीच्या सालीवरून नाही, हसू नकोस, स्टुलावर चढून डबा काढताना) आणि डॉक्टरांनी सांगितलं, दीड महिना जागचं हलायचं नाही. मला! जी बाई कुरडया करायच्या दिवसांत पहाटेपासून तीन घरं फिरते तिला! दोन दिवसांत मी घरातल्या सगळ्यांना इतक्या सूचना दिल्या की तिसऱ्या दिवशी मनीषाने शाळेत जाता जाता टीव्हीला तो खेळाचा डबा जोडला, दोन्ही हातांत धरायचं ते बटणांचं यंत्र माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "आई, तुम्ही आता याला सूचना द्या."

पहिला खेळ मी नऊ दिवसांत संपवला. त्यात एक तलवारवाला माणूस राणीला सोडवायला निघतो. निघू दे, माझं काही म्हणणं नाही. पण वाटेत दिसेल त्या घरात शिरतो आणि मडकी फोडतो! कोणी काही बोलत नाही. घरची बाई तिथेच उभी, हा तिच्यासमोर खळ्ळकन रांजण फोडतो, आणि ती म्हणे त्याला नमस्कार करते. मी एकही मडकं फोडलं नाही. त्यामुळे मला म्हणे ताकद कमी मिळाली आणि शेवटच्या राक्षसाने मला एकोणतीस वेळा मारलं. चालेल. कुंभाराचा तळतळाट तरी नाही लागला. आणि एवढं करून सोडवलेली ती राणी! घामाघूम माणूस दारात उभा आहे, तिने पाणी तरी विचारावं? नाही. नुसती हसली आणि खेळ संपला.

दुसरा ट्रकचा. तो बरा होता, पण खोटा. एवढा लांबलचक रस्ता आणि वाटेत एक म्हैस नाही! आपण जळगावातून निघालो तर नशिराबाद येईपर्यंत चार म्हशी, एक वरात आणि उलट्या बाजूने येणारा ट्रॅक्टर भेटतोच. इथे काहीच नाही, नुसतं सरळ. तरी मी हॉर्न वाजवत, हळू चालवत तोही संपवला. या खेळाने मला एकच शिकवलं: पडद्यावर इंग्रजीत काहीतरी पाटी आली की हिरवं बटण दाबायचं, म्हणजे गाडी पुढे जाते. हे लक्षात ठेव. पुढे सगळा घात याच बटणाने केला.

तिसरा खेळ मनीषा आणि योगेशचा. एक बेट, त्यावर गाव, आणि गावाला केळीची बाग. लग्न झालं त्या वर्षी दोघांनी मिळून सुरू केलेला. मग योगेशला सुरतेला नोकरी लागली, आणि ही इथे फैजपूरला शाळेमुळे. तर खेळात हजार केळी जमली की गावात मोठी जत्रा भरते आणि खेळ पूर्ण होतो. दोघांचं ठरलेलं: केळी मनीषाने जमवायची, जत्रा दोघांनी शेजारी बसून बघायची. आठ महिने ही पोरगी शाळेतून आली की थोडी थोडी केळी तोडून कोठारात ठेवत होती. नऊशे ऐंशी झाली होती. वीस राहिली होती. आणि शनिवारी योगेश येणार होता.

हे सगळं मला नंतर कळलं. मला फक्त एवढंच सांगितलं होतं: "आई, यात तुम्ही फिरा, झाडांना पाणी घाला. कोठाराला मात्र हात लावू नका."

आता तूच सांग सुमन, सासूला "हात लावू नका" असं सांगायचं असतं का?

मंगळवारी दुपारी मी कोठाराचं दार उघडलं. नुसतं बघायला! आणि बघते तर काय! छतापर्यंत केळी. कापलेली, पिवळीधमक. मी ओरडले, "अहो, इकडे या लवकर!"

आमचे नाना चाळीस वर्षं केळीच्या बागेत राबलेले. जेवता जेवता उठून आले, हात तसाच खरकटा.

"कधी कापली व्हती?" त्यांनी विचारलं.

"मनीषा म्हणत होती, आठ महिने झाले जमवतेय."

"आठ महिने?" नाना टीव्हीला नाक लावून उभे. "अन् अजून पिवयीच? देठ दाखव, देठ."

"देठ कसा दाखवू? बटण नाही त्याचं."

"अवं, आतून गेला आसंन माल! घड कापला की त्याच दिवशी हालला पाह्यजे. कोठारात ठेवते का कोनी? सूनबाई मास्तरीन शे, तिले काय म्हाईत. वाट आता, लवकर वाट!"

हे बघ, इथे तुझ्या लाडक्या काकांचं नाव कोणीच घेत नाही! "वाट" हे ते म्हणाले. मी फक्त वाटली.

आणि केळीच्या घरात हे काही नवीन नाही गं. गाडी आली नाही, माल अडकला, तर बागवाला तो दारोदार वाटून मोकळा होतो. दारात सडू देणं हेच मोठं पाप. त्या कोठारासमोर मी दुसरं काय करणार होते? पहिला गावकरी दिसला, टोपीवाला. दिली त्याला. लगेच पडद्यावर इंग्रजी पाटी आली. मी हिरवं दाबलं.

"त्या कोयनीले दे," टोपलीवाल्या कोळणीकडे बोट दाखवत नाना म्हणाले.

दिली. पाटी. हिरवं.

"ती बाई लेकुरवायी दिसते, तिले दोन फण्या जास्त दे."

दिल्या. पाटी. हिरवं. सांगते, आम्ही दोघांनी मिळून दोन तास वाटप केलं. शाळा, देऊळ, लोहार, बंदरावरचा म्हातारा, कोणी सोडला नाही. माणसं संपली तेव्हा उरलेली एका शेळीला घातली. कोठार स्वच्छ! मी तर ते झाडायचं बटणसुद्धा शोधत होते. पण मला एका गोष्टीचा भयंकर राग आला. अख्ख्या गावात एकानेही हात उलटा केला नाही! आपल्याकडे शेजारणीची भरली वाटी आली की ती रिकामी परत जाते का? निदान साखरेचे चार दाणे तरी घालतो. हे लोक केळं घेतात, जागच्या जागी उडी मारतात, डोक्यावर लाल बदाम येतो आणि चालले! असलं गाव मी जन्मात पाहिलं नाही.

हे सगळं मी मनीषाला तावातावाने सांगितलं, ती शाळेतून आली तेव्हा. तिच्या खांद्यावरची पर्स खांद्यावरच राहिली.

"आई... कोठारातली केळी?"

"मोकळं केलं गं बाई कोठार. सडली असती."

"आई," ती अगदी हळू म्हणाली, "ती सडत नाहीत."

"सडत नाहीत? आठ महिने केळं सडत नाही? मग ते केळं आहे की प्लास्टिकचा फ्लॉवरपॉट? मी तर म्हणते, असला खेळ करणाऱ्याला एकदा आमच्या बागेत..."

आणि मी थांबले, कारण ती खाली बसली आणि रडायला लागली. लग्नात पाठवणीला मांडव रडत होता, पण ही रडली नव्हती. आली त्या दिवशी गॅस संपला तेव्हा रडली नव्हती. आणि आता टीव्हीतल्या केळ्यांसाठी डोळ्याला पदर. मग हुंदके देत तिने ते हजाराचं, जत्रेचं, दोघांच्या ठरलेल्याचं सांगितलं, आणि ती इंग्रजी पाटी दर वेळी "नक्की द्यायची का? परत मिळणार नाहीत" असं विचारत होती, हेही. "शनिवारी येतोय तो आई. फोनवर रोज विचारायचा, किती झाली, किती झाली..."

नाना उठले, म्हणाले, "मी जरा बागेत जाऊन येतो." (असा माणूस! वाटताना पुढे, ऐकताना बागेत!)

पण हातावर हात ठेवून बसणं माझ्या रक्तात नाही. बुधवारी सकाळी मनीषा शाळेत गेली आणि मी पुन्हा कामाला लागले. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. केळी तोड, कोठारात टाक. नाना शेजारी बसून संतापत होते: "एका झाडाले तीनच केयी? असं झाड मी कवाच उपटून फेकलं असतं!" मला चहाची शुद्ध नव्हती. माझा अंगठा सुजून बटाटा झाला. एक पाय आधीच प्लास्टरमध्ये, वरून अंगठा. शनिवारी योगेश दारात आला तेव्हा आई बाप दोघेही टीव्हीकडे डोळे लावून बसलेले. कोणी "आलास का" सुद्धा म्हटलं नाही.

"किती झाली?" त्याने विचारलं.

"दोनशे बारा," मी म्हणाले. आणि मान खाली घातली.

तो बॅग टाकून हसत सुटला. इतका हसला की आतून मनीषा बाहेर आली आणि तिलाही हसू आवरेना. मग तिच्या शेजारी सतरंजीवर बसून म्हणाला, "चल, बाकीची आपण दोघं काढू. तसंही जत्रा झाली असती तर खेळ संपला असता." दोन दिवसांची रजा त्याने चार दिवसांची केली. दोघं खांद्याला खांदा लावून केळी तोडत बसलेले बघून मी मनात म्हटलं, बघा, चांगलंच झालं की! आता तरी कोणी माझे आभार मानेल.

तेवढ्यात मनीषाने स्वयंपाकघरातून हाक मारली, "आई, हा वास कसला येतोय?"

आठवलं मला. आदल्या आठवड्यातच नानांनी खास योगेशसाठी बागेतला सगळ्यात चांगला घड आणला होता. पिकायला गोणपाटाखाली ठेवला होता, आणि शुक्रवारी काढून चार फण्या योगेशसाठी ठेवायच्या, बाकीच्या शेजारीपाजारी पाठवायच्या असं मला दहा वेळा बजावलं होतं.

मनीषाने गोणपाट उचललं. आत सगळं काळंकुट्ट, पाणी सुटलेलं. तिने एक केळं चिमटीत धरून माझ्यासमोर आणलं, अगदी गंभीर चेहरा करून.

"आई," ती म्हणाली, "सडतात ती ही."

तर आता खरं काय ते तुझ्या आईला सांग, आणि तूही लवकर ये. नानांनी काल नवा घड आणून ठेवलाय. तो वेळेवर वाटायची जबाबदारी पुन्हा माझ्यावरच आहे, आणि योगेश जाताना टीव्हीला चौथा खेळ जोडून गेलाय.