आत्याने डोंगरावरून शोधलेली कंपनी

माझी आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, परभणीकडच्या खेड्यातून पहिल्यांदाच आमच्याकडे बदलापूरला आली, ती फक्त दोन दिवसांसाठी. मी तेव्हा अकरावीत होते. दोन हजार चार-पाचचा हिवाळा असावा. पहिल्या दिवशी आईने तिला उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये साड्यांच्या दुकानांतून फिरवलं, पण तिचं मन काही रमलं नाही. संध्याकाळी बेलवलीच्या आमच्या गच्चीवर उभी राहून ती समोरचा डोंगर बघत राहिली आणि म्हणाली, उद्या तिथं जायचं. त्यांच्याकडे सगळं सपाट. उंचावरून खालचं गाव कसं दिसतं ते तिने कधी बघितलंच नव्हतं.

वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. इतकी वर्षं इथे काढली, पण डोंगर त्यांनीही चढला नव्हता आणि मीही.

सकाळी आम्ही तिघं रिक्षाने स्टेशनच्या पूर्वेला गेलो आणि पायथ्याच्या वाडीतून वर निघालो. लुगडं खोचून आत्या सगळ्यांत पुढे. वडील दर दहा पावलांना थांबत आणि दगडांची तपासणी केल्यासारखं करत. मला हसू आवरत नव्हतं.

कड्यावर पोचलो तर खाली नुसतं धुकं. शहर नाही, नदी नाही, काहीच नाही. मी हिरमुसले. वडिलांनी घड्याळ बघितलं. संध्याकाळी आत्याची गाडी होती, म्हणून ते उतरू या म्हणाले. आत्याने दगडावर बसकण मारली आणि भाकरीचं फडकं सोडलं.

"बघितल्याबिगर म्या उतरत नाही," ती म्हणाली.

आम्ही भाकरी आणि ठेचा खाल्ला. मग आधी कुठून तरी मालगाडीची खडखड ऐकू आली, आणि धुक्याला एक भोक पडलं. त्यातून रूळ दिसले. भोक पसरत गेलं. पाण्याच्या टाक्या, चाळी, नव्या इमारतींचे सांगाडे, आणि पलीकडे चकाकती उल्हास नदी. मी उभी राहून आमची गल्ली शोधू लागले.

आत्याने विचारलं, "तुझी कंपनी कोणती रे?"

वडील गोंधळले. वरून सगळीच छपरं सारखी. आत्याने चौकशी सुरू केली: धुराडं आहे का, जवळ झाड आहे का. धुराडं नव्हतं, पण वडिलांना आठवलं, मागच्या पावसाळ्यात अर्ध्या छपरावर निळे पत्रे बसवले होते. आत्याने डोळ्यांवर हात धरला आणि बोट केलं. बरोबर तीच.

ती बराच वेळ बघत राहिली. भाऊ सतराव्या वर्षी घरातून निघाला, तेव्हापासून ती गावभर सांगत होती, आमचा बाबू कंपनीत आहे म्हणून. पण कंपनी म्हणजे काय, हे तिच्या डोळ्यांपुढे कधी आलं नव्हतं.

"म्हणजे तू इथं होतास," ती हळूच म्हणाली.

वडील एरवी मोजकं बोलणारे. त्या दिवशी मात्र त्यांनी गेट दाखवलं, कॅन्टीन दाखवलं, पहिल्या वर्षी भाड्याने राहिलेली चाळ दाखवली, आणि उतरताना वाटभर बोलतच राहिले. आत्याची गाडी जेमतेम मिळाली. पुढच्या रविवारी ते आईला घेऊन पुन्हा वर गेले. मला बरोबर घेतलं नाही, याचा मला केवढा राग आला होता.