गाण्यातली रिकामी जागा

माझं गाणं बंद पडलं, हे मी दहा जणांना सांगितलं. एकानंही खरं मानलं नाही! बाईचं दूध उतू गेलं तर शेजार धावतो. गाणं आटलं तर म्हणतात, नाटक करते. असे किस्से घरात इतके साचले की पाय ठेवायला जागा उरली नाही. म्हणून इथं आणून टाकते.

पहिल्यांदा सांगितलं नवऱ्याला. "अवो, मले गाणं सुचून नाई राहिलं."

पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "बोलणं तं चालू आहे ना? मंग मशीन बराबर आहे!"

अमरावतीत डॉक्टरकडे गेले.

"काय तकलीफ आहे?"

"गाणं येत नाई."

"गळा दाखवा."

"गळा चांगला आहे, साहेब. आत काई नाई!"

त्यांनी गॅसच्या गोळ्या दिल्या. गॅस गेला.

आता मूळ गोष्टीवर येते. वीस वर्षं मी गाणी रचते, माझी मैत्रीण रेखा ढोलकी वाजवते. लग्न, बारसं, पुढाऱ्याचा वाढदिवस. ऑर्डरी वाढल्या तशी मी हुशार झाले. एकच गाणं रचलं, नावाची जागा तेवढी रिकामी ठेवली. ज्याचं कार्य, त्याचं नाव भरायचं!

अकोल्याच्या एका लग्नात मी आदल्या दिवशीच्या, मूर्तिजापूरच्या नवरदेवाचं नाव गायले. अख्खं गाणं! रेखाची ढोलकी अडखळली. आणि नवरदेव? दुसऱ्याच्या नावावर अर्धा तास नाचला! नवरी तेवढी करवलीला विचारत होती, "हा प्रफुल कोण वं?"

त्या गाण्यात कोणीही मावत होतं. मी सोडून. त्या दिवसापासून नवीन ओळ सुचेना.

तिथं तरी सुचेल म्हणून रील बनवणाऱ्या रेकॉर्डिंगवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "काकू, पंधरा सेकंदांत संपवा. लोकाईले टाइम नाई."

म्हटलं, "बाबू, पंधरा सेकंदांत तं आमच्याकडची बाई नाकबी शिंकरत नाई!"

रेखानं चिखलदऱ्याला नेलं. थंड हवेत सुचते म्हणे. दोन दिवस पॉइंटावर बसलो. धुकं आलं. माकड आलं, माझं कणीस घेऊन गेलं.

"काई सुचलं का वं?"

"हो. स्वेटर आणाले पाह्यजे होतं!"

मग माझ्याच पोरीचं, सोनालीचं लग्न आलं. आमच्याकडे विहिणीच्या पंगतीला मुलीकडच्या बाया नवरदेवाच्या आईला गाण्यातून टोमणे मारतात. मी मोबाईलवर तयार गाणं लावलं. जावयाची आई, अकोल्याच्या वत्सलाबाई, यांनी ताटावरचा हात मागे घेतला.

"हे कोणाच्या विहिणीचं गाणं होय? यात मी तं कुठीच नाई! मले माह्या नावाचे टोमणे पाह्यजेत. तोवर घास नाई उचलत!"

पंगत थांबली. सोनाली रडकुंडीला आली. नवरा कानाशी लागला, "हात जोड, पन तोंड नको उघडू. पोरगी त्याईच्या घरी नांदाची आहे!"

मी वत्सलाबाईंकडे नीट पाहिलं. भरलेलं ताट, चढलेलं नाक, वर फिरता पंखा. आणि तोंडातून निघालंच:

"वत्सलाबाई पाटावर, नाक चढलं पंख्यावर,
पंखा म्हणे, उतर बाई, भार झाला पात्यावर!"

वत्सलाबाई ताडकन उठल्या. मोडलं लग्न, म्हटलं! त्यांनी पदर खोचला:

"नाक माह्यं कावून चढलं, पुसा तुमच्या भाजीले,
मीठ टाकाले इसरली बाई, लाज नाई पाजीले!"

रेखानं ढोलकी ओढली. मग काय! मी थांबेना, त्या थांबेनात. आठ महिन्यांचं तुंबलेलं सगळं बाहेर! दोन्हीकडच्या बाया भिडल्या. पुऱ्या थंड झाल्या, बँडवाले निघून गेले, बिदाईची वेळ टळली.

शेवटी नवरदेवाचा काका तावातावानं आत आला. "गाडी कवाची उभी आहे! हे कोनं सुरू केलं?"

मी हात वर करणार, तेवढ्यात साऱ्या बायांनी, माझ्याकडच्या आणि त्यांच्याकडच्याही, एकीकडेच बोट केलं.

"वत्सलाबाई!"