हापशीचे सोळा पाइप

रुखमाबाई हापशी दुरुस्त करते. वणीकडच्या सावळझरीत गेल्या अठ्ठावीस वर्षांत तिने दुसऱ्या कुणाच्या हातात पाना दिलेला नाही. गावाला हापशी एकच, शाळेच्या आवारात. वॉशर झिजलं की दांड्याचा आवाज बदलतो. तो तिला चुलीपाशी बसून कळतो.

तिला पाच लेकरं. त्या सकाळी सभेत आधी त्यांचाच विषय निघाला.

पाण्याचे साहेब तालुक्याहून आले होते. शाळेच्या खोलीत त्यांनी भिंतीवर तक्ता टांगला. त्यावर एक चढती रेघ. माणसं वाढली, पाणी तेवढंच राहिलं, म्हणून टंचाई, असं त्यांनी समजावलं. टँकर आता दर घराला सहा गुंड, म्हणजे सहा हंडे, पाणी देणार. घरात माणसं किती, हे बघणार नाही. ठरावावर पाणी समितीच्या अध्यक्षाची सही हवी होती. अध्यक्ष रुखमाबाई. तिच्या घरात सुना-नातवंडं धरून नऊ माणसं.

"सही नाही तर टँकर नाही," साहेब म्हणाले. "आणि बाई, राग मानू नका. दोनवर थांबला असतात, तर सहा गुंड पुरले असते."

मागे शेजारची सुखीबाई बसली होती. "तिले काय इचारता साहेब? तिच्या नवऱ्याले इचारा, डोमाजीले. तो काहून खाली पाहून राह्यला?"

खोली हसली. रुखमाबाई हसली नाही. ती उठली आणि नवऱ्याला म्हणाली, "चाल. पाइप काढ्याचे हायेत."

डोमाजी पाइप धरायचा चिमटा घेऊन आला. हापशीचं डोकं उतरलं. चिमट्यात धरून एकेक पाइप वर येऊ लागला. दहा फुटांचा एक. चार बाया ओढायला आल्या. काढलेला पाइप ती जमिनीवर आधीच्याला लावून ठेवी. ओळ फाटकाकडे सरकली. साहेबांचा चहा झाला, दुसरा झाला. सातवा पाइप फाटकातून बाहेर निघाला तेव्हा त्यांची जीप आवारातच होती.

एकूण सोळा निघाले. रुखमाबाई ओळीच्या कडेने चालत सहाव्यापाशी थांबली.

"माह्या पाचव्या पोराच्या वर्षी एवढेच पाइप होते, साठ फुटावर पाणी लागे. तवा गावात एकशेदहा घरं."

नवव्यापाशी. "नाल्यापलीकडं खदान सुरू झाली तवा एवढे."

मग ती थेट शेवटाला गेली. "हे सात त्याच्यानंतरचे. खदान रातदिवस पाणी उपसते अन् नाल्यात सोडते. आपलं पाणी तिच्या खड्ड्यात जाते. घरं आता सत्तर. माहीच तीन पोरं पुण्याले गेली. तुमी तक्ता टांगला ना, ती शाळा काहून बंद पडली साहेब? पोरं नाही म्हणून."

"खदान माझ्या खात्यात येत नाही," साहेब म्हणाले.

"माही लेकरं येतात तुमच्या खात्यात?"

साहेब जीपकडे गेले. सुखीबाईच्या घरी सून बाळंतीण होती. सुखीबाई जवळ येऊन हळू म्हणाली, "रुखमे, टँकर जाईन."

रुखमाबाईला ते माहीत होतं. हापशीही आता खोललेली होती. संध्याकाळी गावात पाण्याचा थेंब नसणार होता. ती फाटकात गेली आणि जीपच्या वाटेतच, सातव्या पाइपवर बसली.

"सोळा पाइप लिहा. सत्तर घरं लिहा. खदानीचं नाव लिहा. पाणी माणशी लिहा. मंग सही."

डोमाजी तिच्याशेजारी बसला. सुखीबाई उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली. मग पुटपुटत तीही बसली. "सरक थोडी. पाच लेकरं पोसली, अन् बसाले जागा देत नाही."

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. कुणी हललं नाही. त्याने पुन्हा वाजवला नाही.

साहेब उतरले. त्यांनी ठरावाचा कागद उलटा केला आणि बॉनेटवर ठेवला.

"सांगा," ते म्हणाले. "सोळा ना?"

"अक्षरी लिहा," रुखमाबाई म्हणाली. "आकडा मागून बदलते."