बिनशिक्क्याचं पाकीट

लोक तिकिटं जमवतात, नाणी जमवतात. आमचे हे जहाजांवरच्या टपालाचे शिक्के जमवतात, तेही कोल्हापुरात बसून. समुद्राची हौस म्हणावी, तर रत्नागिरीला निघालं की मलकापूर मागे पडताच घाटात यांना ढवळायला लागतं आणि एसटी थांबवावी लागते. "जहाजात मी कुठं बसतोय? पाकीट बसतंय," हे यांचं उत्तर ठरलेलं.

शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर हिशेब लिहून आले, की हे अनोळखी कप्तानांना इंग्रजीत विनवण्या लिहायला बसत: सोबतचं पाकीट आपल्या जहाजावर टपालात टाकावं. भर समुद्रात टाकलेलं पत्र पुढच्या बंदरात उतरतं. तिकीट जहाजाच्या देशाचं, त्यावर शिक्का परक्या बंदराचा, आणि शेजारी 'पॅकेबो' असा आणखी एक शिक्का, म्हणजे हे पत्र जहाजावरून आलंय याची खूण. आत मात्र नुसता कोरा पुठ्ठा, पाकीट दुमडू नये म्हणून. "अहो, दोन ओळी तरी मागवा कुणाकडून," असं मी चिडवायची.

हल्ली जहाजांवर टपालाची पद्धत फारशी उरली नाही. कप्तानांची उत्तरं बंद झाली. अशात माझ्या नणंदेचा मुलगा मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत लागला आणि यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आजवरची सगळी पाकिटं परक्यांनी टाकलेली. आपल्या माणसानं समुद्रावरून टाकलेलं एक तरी हवं, एवढीच यांची इच्छा. पुढं पुढं करत ते राहिलं. मग कळलं, की ते जहाज एक फेरी करून भंगारात निघणार आणि भाचाही ही नोकरी सोडून कबनूरला सासऱ्यांचे यंत्रमाग बघणार. यांनी घाईनं पाकिटावर स्वतःचा पत्ता लिहिला, जहाज भारतीयच म्हणून आपली तिकिटं लावली, शिक्क्याला जागा सोडली आणि भाच्याला दहादा बजावलं, कप्तानाकडे दे, बंदरात टपालात पडलं पाहिजे.

"व्हय मामा, काळजीच सोडा की."

त्यानंतर पोस्टमनची गाडी वाजली की हे फाटकात. पण पोस्टमनच्या आधी एका सकाळी भाचाच दारात उभा राहिला, हातात घरच्या तुपाचा डबा आणि प्लास्टिकात गुंडाळलेलं पाकीट.

"मामा, ह्ये घ्या. एक सुरकुती न्हाय बघा. उशाखाली ठेवून झोपत हुतो."

"टपालात नाही टाकलंस?"

"तुमाला टपालानं धाडू व्हय? लग्नाची पत्रिकाबी मामाला हातानं देतो की आमी!"

यांनी पाकीट पालथं केलं, पुन्हा सुलटं केलं. शिक्क्याची जागा कोरीच होती. "छान केलंस," हे म्हणाले आणि मला चहा टाकायला सांगितलं.

राग तरी कुणावर काढायचा? आमच्याकडं मामाला पत्रिका टपालानं गेली तर मामा लग्नाला पाय ठेवत नाही. पोरानं मान राखला. तोवर जहाज तोडायला गेलंही होतं. परक्या माणसांनी वर्षानुवर्षं न चुकता केलं ते घरच्याला मायेपायी जमलं नाही, याची हळहळ माझ्या मनातून जात नाही.

परवा तो बायकोला घेऊन आला. यांनी पाकिटांची वही काढली. ते पाकीट यांनी पहिल्याच पानावर लावलंय. "ह्ये मी आणलंय," त्यानं बायकोला दाखवलं. मग यांना म्हणाला, "मामा, माझा दोस्त पुढच्या महिन्यात जहाजावर चाललाय. अजून एक देऊया की त्याच्याकडं. त्याला बजावतो, पोष्टात टाकू नगंस, हातानंच आण."

यांनी शिक्क्याच्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवलं. आता सांगतील, असं मला वाटलं. एका वाक्याचं तर काम होतं. दोस्तानं नीट टाकलं असतं, शिक्का मिळाला असता. भाचा यांच्याकडं बघत होता, बायकोसमोर ताठ बसून.

यांनी वही मिटली. "नको रे," म्हणाले. "तुझं आलं. आता आणखी नको."