डाव्या हातची भाकरी

कावेरीअक्का ही माझी मावसबहीण, मूळची निपाणीची. आठवडाभर बेळ्ळंदूरच्या एका कंपनीत हिशेब तपासते आणि रविवारी रामनगरच्या कातळांवर चढते. मी तिच्या दोरीचं खालचं टोक सांभाळते. ऐकायला शूर वाटतं. प्रत्यक्षात ती वर लटकते आणि मी मान वर करून घाबरते.

एका कातळाशी तिचं जुनं वैर आहे. दोन वर्षं ती त्याच्या माथ्याच्या कडेपर्यंत पोचते आणि तिथून परत फिरते, कारण पुढे धरायला काहीच नाही. दोन्ही तळवे सपाट टेकवून अंग वर ढकलावं लागतं, विहिरीतून काठावर येतात तसं. ओढण्यात अक्का पैलवान, ढकलण्यात शून्य. त्यात यंदा उजवा खांदा ठणकायला लागला. चढणंच सुटतंय की काय, या भीतीने ती बसवनगुडीत रूपश्रीकडे गेली. रूपश्री फिजिओथेरपिस्ट. सोबत म्हणून मीही गेले.

रूपश्रीचं निदान सरळ होतं. चढणारे सतत ओढतात, ओढणारे स्नायू दणकट होतात, ढकलणारे ढिले राहतात आणि खांदे पुढे झुकतात. उपाय म्हणजे आधी भिंतीवर आणि मग जमिनीवर दंड, शिवाय बोटांना रबर अडकवून ती उघडायची. मग तिने माझे खांदे पाहिले.

"तुमचंही तेच. फक्त यांचं चढून झालंय, तुमचं मोबाईल बघून."

मी लगेच ताठ बसले. रस्त्यावर येईपर्यंत टिकले.

व्यायाम दोघींनी मिळून करायचा ठरला. पण बेळ्ळंदूरहून बनशंकरीला आमच्या घरी पोचेपर्यंत अक्काचा जीव वाहतुकीतच जायचा, आणि मी तर टाळायला कारण मिळायचीच वाट बघत होते. ते मीच शोधलं. भाकरी थापताना बोटं उघडी राहतात, तळवा दाबतो, म्हणजे तोच व्यायाम. अक्काला पटलं. आमच्याकडे रोज ज्वारीच्या भाकरी व्हायला लागल्या, शेजाऱ्यांना पुरून उरतील एवढ्या. खायचं काम मी मनापासून केलं.

पुढच्या वेळी रूपश्रीने अक्काला दोन्ही हात वर करायला लावले आणि दोन्ही खांदे चाचपून पाहिले. उजवा थोडा सुधारला होता, डावा होता तिथेच. मग तिने भाकरी कुठल्या हाताने थापता असं विचारलं आणि अक्काने उजवा हात पुढे केला.

"आधी पुढं-मागं वाकड्या होता," रूपश्री म्हणाली, "आता डावं-उजवंही झालात. दंड घाला. आणि थापायचंच असेल तर डाव्यानं थापा."

दंड सुरू झाले. अक्काचे वाढत गेले. माझे सुरू झाले, एवढंच म्हणते. पण खरी अडचण चुलीपाशी होती. अक्काची आई, आमची यल्लव्वामावशी, परातीत डावा हात बघून उभीच राहिली.

"काय करायलीस गं हे? डाव्या हातची भाकरी आमच्यात जनावराला घालत नाहीत."

"औषध आहे, आई."

"मग औषध तू खा. मला भात टाक."

मावशी भातावर राहिली. निपाणीच्या बाईने भाकरी सोडणं म्हणजे उपोषणच. अक्का मुकाट्याने डाव्याने थापत राहिली. भाकरी कधी बदामासारखी व्हायची, कधी फाटायची. ती खायची जबाबदारी माझी.

शेवटी रूपश्रीने खांदा पास केला. त्या रविवारी मावशीही आली, ही पोरगी नेमकं कशासाठी अन्न बाटवते ते बघायला. अक्का कडेपर्यंत गेली आणि थांबली. उजवा तळवा टेकला. डावा अजून कपारीत, ओढण्याच्या जुन्या सवयीत अडकलेला. मी दोरी आवळून धरली.

मागून मावशीचा आवाज आला, परातीशी यायचा तसाच वैतागलेला.

"डावा टेकव की. एवढ्या भाकऱ्या वाया घालवल्यास."

अक्काने डावा टेकवला. खांदे वर आले, मग कंबर, मग एक गुडघा. ती माथ्यावर जाऊन बसली आणि तळव्यांकडे बघत राहिली.

खाली आल्यावर डबा उघडला. मावशीने वरचीच, डाव्या हातची बदामासारखी भाकरी उचलली, तुकडा मोडून पिठल्याला लावला आणि म्हणाली, मीठ कमी आहे.

माझी मान अजून वरच होती. ती खाली येईना. येत्या मंगळवारी रूपश्रीने मला बोलावलंय.