माझी ग्रंथालयवाली

विहीणबाईंचं स्टेटस मी आमच्या ह्यांच्या फोनवरून बघते. माझ्या फोनवरून बघितलं की तिकडं माझं नाव दिसतं, आणि मी बघतेय हे त्यांना कळावं एवढी काही मी खाली आलेली नाही. ह्यांना स्टेटस म्हणजे काय तेसुद्धा माहीत नाही. भजनं ऐकायला फोन घेतलाय त्यांनी.

बघायचं काय, तर माझी नात. सून भांडून मंद्रूपला माहेरी गेली ती पोरीला घेऊनच. माझा मुलगा एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे, डोकं बापासारखंच गरम. "कोर्टात जाऊन पोरीला आणतो," म्हणाला आणि आम्हाला बजावलं, मंद्रूपला पाऊल टाकायचं नाही. तिकडून फोन येईना, इकडून जाईना. आणि रोज सकाळी स्टेटसवर नात विहीणबाईंच्या मांडीवर! आज वेणी घालतायत, उद्या हुरडा भरवतायत. पोरगी तोंड वर करून त्यांच्याकडं बघून हसतेय. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड. अहो, वेणीसाठी तिला एका जागी बसायला मी शिकवलं. तिचा पहिला दात पडला तो तिनं माझ्या हातात आणून दिला होता. आणि हुरडा भरवणार ह्या!

शेवटी आमच्या वाचनालयात मासिक बदलताना मी तिथल्या काकांना विचारलंच, आजीला नातीला भेटायचा काही हक्क असतो का हो? ते म्हणाले, कायद्याच्या एका कॉलेजचं ग्रंथालय आहे पुण्याकडं, फोनवरून कुणालाही माहिती देतं, पैसे घेत नाही. नंबर दिला. मला वाटलं, पुस्तक पोस्टानं येईल.

आली ती बाई, व्हिडिओवर. चष्मा, साधी साडी, मागं लाल पाठीच्या जाड पुस्तकांची भिंत. माझं सगळं ऐकून घेतलं तिनं. मधेच तोडलं नाही, घड्याळाकडं बघितलं नाही. इतकं तर माझ्या घरात कुणी ऐकत नाही. मग उठून पुस्तक काढलं, पान फोनसमोर धरलं, आणि सोप्या मराठीत सांगितलं. "आजी, मी वकील नाही. तुम्ही काय करा ते मी सांगू शकत नाही, कायदा काय म्हणतो तेवढं सांगते." शिवाय हेही सांगितलं की बाईमाणसाला सरकारी खर्चानं वकील मिळतो, कोर्टाच्या आवारातच त्याचं कार्यालय असतं, आणि खटला न करता समोरासमोर बसून बोलणंही तिथं घडवून आणतात.

त्यानंतर मी तिला बऱ्याचदा फोन केला. खरं सांगायचं तर कधी कधी विचारायला काही नसायचं. शेंगाचटणी पाठवते म्हटलं तर, "आम्ही काही घेत नाही, आजी," म्हणाली. गल्लीत मी तिला 'माझी ग्रंथालयवाली' म्हणायला लागले. विहीणबाईंकडं नात होती, माझ्याकडं ही होती.

त्या कार्यालयात मी अर्ज दिला आणि दोन्हीकडच्यांना बोलावणं गेलं. मुलगा, सून, मी, विहीणबाई, आणि मधे समजूत घालणाऱ्या एक वकीलबाई. नातीला आणलं नव्हतं. मी पाठ करूनच गेले होते. ताठ बसून म्हटलं, "आजीचा वेगळा हक्क कायद्यात लिहिलेला नाही, हे मला माहीत आहे."

"पर पोरीचं भलं बघून कोर्ट भेटायची परवानगी देऊ शकतं," विहीणबाईंनी माझंच वाक्य पुरं केलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं हे?"

"ग्रंथालयाच्या बाईनं. फोनवर. लई चांगल्या हायत. कडक भाकरी पाठवते म्हटलं, तर घेईनात की."

माझ्या डोक्यात अशी काही तिडीक गेली! नात घेतली ती घेतली, आता हीसुद्धा? मी पदर सावरत बाहेर पडले आणि व्हरांड्यातूनच फोन लावला. "तुम्ही माझ्या बाजूनं की त्यांच्या?"

ती शांतपणे म्हणाली, "आजी, दुसऱ्या कुणी विचारलं की नाही, ते मी सांगत नसते. तुमचंही कुणाला सांगणार नाही. पण हे ग्रंथालय आहे. जो येईल त्याला तेच पुस्तक उघडून दाखवायचं."

भाकरी घेतली नाही, एवढ्यावर मनाची समजूत घातली आणि आत आले. पण तोंड गप्प बसतंय होय? म्हटलं, "पोर तर तुमच्यापाशीच आहे, विहीणबाई. तुम्हाला काय नडलं होतं विचारायला?"

त्यांनी माझ्याकडं नाही, माझ्या मुलाकडं बघितलं. "जावई कोर्टातनं घेऊन जातो म्हनत्यात. नेलीच, तर मला ती बघायला मिळंल का, तेवडंच इचारलं."

मुलगा खाली बघायला लागला. नवरा-बायकोचं काही त्या दिवशी मिटलं नाही. पण कोर्टाचं तूर्त थांबवायचं आणि दर रविवारी पोरीनं आमच्याकडं यायचं, एवढं ठरलं.

पहिल्या रविवारी नात आली. मी वेणी घालायला बसवलं तर म्हणते, "मंद्रूपची अव्वा याच्यापेक्षा घट्ट घालते." अव्वा म्हणजे विहीणबाई. घट्ट म्हणे! मी आणखी ओढून घातली, अबोलीचा गजरा माळला, फोटो काढला आणि टाकला स्टेटसवर. बघू दे, म्हटलं. जळू दे जरा.

थोड्या वेळानं कुणी कुणी बघितलं ते काढलं. विहीणबाईंचं नाव नव्हतं. यादीत सगळ्यांत आधी नाव होतं व्याह्यांचं. त्या माणसाला आलेला फोन उचलायलासुद्धा दुसरं कुणी जवळ लागतं.

मग नातीला हाक मारली, "ये गं, इकडं उजेडात ये. हस बघू." आणि आणखी एक फोटो टाकला, जवळून काढलेला, तिचा चेहरा नीट दिसेल असा.