बाण डावीकडंच का जायलते?

मंडळी, कालपस्तोर माझ्या बांबूच्या धनुष्यातून बाण सारखे डावीकडंच जायलते. मी बाण तासले, पिसं बदलली, बांबूला शिव्याबी घातल्या.

आज सकाळी पूर्णेजवळच्या माळावर बायको सोबत आली. थोडा वेळ बघून म्हणली, "अवो, दोरी ओढल्यावर हात ओठाच्या कोपऱ्याला टेकला पायजे, असं सगळ्याला सांगता ना? मग गालात सुपारी कशाला? गाल फुगलाय, हात बाहेरच राहायलाय."

सुपारी थुंकली. तेच बाण कडब्याच्या पेंढीत मधोमध घुसले! लय बरं वाटलं.

बायको म्हणली, "आता बांबूची माफी मागा."

मागितली.

तुमी सध्या कोणता बाण तासत बसलाव? आधी गाल चाचपून बघा.